चार्ज दुर्गवले भाऊंकडे

दुर्गवले भाऊ आमच्या शेजारी सहा वर्षं राहिले. त्यातले पहिले दोन-तीन महिने सोडले तर बाकी सगळा काळ मी त्यांच्यावर जळत होतो. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी त्यांच्याविषयी काही चांगलं बोललोच, तर ते माझ्या तोंडून किती कष्टाने निघालंय, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईल.

मी रत्नागिरीत बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. त्यातली वीसेक वर्षं घरात खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळली. चार फुटी काच, आत दगड, चार-पाच मासे आणि प्रवाळ. दगडी प्रवाळ घरात पाळायला कायद्याने बंदी आहे. माझं होतं ते मऊ जातीचं, मुंबईच्या एका छंदिष्टाकडून आणलेलं. आणलं तेव्हा पुरीएवढं होतं, अकरा वर्षांत जेवणाच्या ताटाएवढं झालं. खाली जाड देठ, वर बदामी रंगाचा घेर आणि उघडलं की त्या घेरावर शेकडो बोटं पाण्यात हलायची. माझी बायको विनीता त्याला छत्री म्हणायची. शाळांची पोरं बघायला यायची, कॉलेजातले प्राध्यापक यायचे, एकदा पेपरात फोटोही आला होता. गावात असली टाकी माझ्या एकट्याची. त्या छत्रीवर माझा जीव होता. आम्हाला मूलबाळ नाही. हे इथे सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं.

प्रवाळाचं एक असतं. ते जागचं हलत नाही. त्याच्याकडे अन्न पाण्यानेच यायचं आणि त्याची घाण पाण्यानेच न्यायची. उजेड एक वेळ कमी चालेल, पण पाण्याचा प्रवाह बिघडला की खेळ खलास. मी तर शिकवायचोच हे. टाकीतलं पाणी तासाला किती वेळा फिरलं पाहिजे याचा हिशेब मी मांडला होता आणि तो आकडा गाठायला एक दांडगा परदेशी पंप मागवला होता. मोबाईलवरून चालायचा. बोटाने रेघ सरकवली की आत नुसता लोंढा! येईल त्याला मी ते करून दाखवायचो.

भाऊ राहायला आले ते धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या पोफळीच्या वीजघरातून निवृत्त होऊन. मूळचे मंडणगडकडच्या खेड्यातले, पण छत्तीस वर्षं पोफळीच्या कॉलनीत काढलेली. ठेंगणे, काळेसावळे, अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात पेन आणि पेनाच्या शेजारी विजेचा टेस्टर. हा टेस्टर लग्नकार्यातसुद्धा खिशात असायचा. चालताना दोन्ही हात मागे बांधलेले. पहिल्याच आठवड्यात आपल्या बायकोला, शालनवहिनींना घेऊन ते आमची टाकी बघायला आले.

मी नेहमीचं व्याख्यान दिलं, मोबाईल काढून लोंढा दाखवला. वहिनी "अगं बाई!" म्हणाल्या. भाऊ मात्र हात मागे बांधून पाऊण तास काचेसमोर उभे राहिले. मध्येच वाकून त्यांनी टाकीच्या स्टँडला कान लावला, जसा डॉक्टर लावेल तसा. चहा निवून गेला. निघताना म्हणाले, "सर, पानी लय पळतंय तुमचं."

मी मूर्खासारखा खूश झालो. मला ती शाबासकी वाटली.

पुढच्याच महिन्यात त्यांनी स्वतःची टाकी मांडली. माझी बघूनच मांडली, हे उघड होतं. पण विचारायला म्हणून एकदाही आले नाहीत. तीन फुटी जुनी काच, बाजारातले स्वस्तातले दोन छोटे पंप. पाणी समुद्राचं, भाट्याच्या खाडीपासून लांब जाऊन, भरती पूर्ण भरली की कॅनमध्ये भरून आणायचे आणि आणण्याआधी तळहातावर घेऊन चाखायचे. चाखून म्हणायचे, "आज गोडं मिसळलंय, नको," आणि रिकामे कॅन घेऊन परत. मी परदेशी मीठ कालवून पाणी करणारा माणूस, मला हसू यायचं.

तीन महिने त्या टाकीत मासा नाही की शेवाळ नाही. नुसतं पाणी आणि दगड. आणि हा माणूस रोज दुपारी स्टूल टाकून तिच्यासमोर बसलेला. मला राहवेना. गेलो बघायला, तर भाऊ चिमटीत जवळ्याची पूड घेऊन पाण्यात सोडत होते. जवळा! आपली सुकी बारीक कोळंबी, चटणीची! खलबत्त्यात कुटून तिचं पीठ केलेलं. ते पाण्यात सोडायचं आणि कण कुठून कुठे जातात ते बघत बसायचं. कण एखाद्या कोपऱ्यात जाऊन निजले की भाऊ उठणार, पंप एक बोटभर वळवणार, परत चिमूट.

"आमच्याकडं सगळं पानी एकाच वाटेनं जायाचं," ते म्हणाले. "पाइपातनं टर्बायनीवर. त्याला दुसरी वाट न्हवती. हितं त्याला वाट नाय दाखवायची. हितं त्याला हिंडवायचं."

"पण तासाला किती वेळा फिरतं, काढलंत का?" मी विचारलं.

"ते नाय वो काढलं," म्हणाले, आणि परत जवळा.

पुढची गोष्ट मी कुणाला सांगितली तर लोकांना विनोद वाटतो. त्यांनी भंगारातून जुन्या वॉशिंग मशीनचा टायमर आणला. कपडे धुताना कसं, थोडा वेळ एकीकडे फिरतं, थांबतं, मग उलटं फिरतं. तोच टायमर त्यांनी दोन पंपांना जोडला. डावीकडचा एक नंबर, उजवीकडचा दोन नंबर. एक नंबर चालू, मग दोन्ही बंद, मग दोन नंबर. पाणी इकडून जायचं, श्वास घ्यायचं, तिकडून यायचं. आणि दोन्ही पंपांची तोंडं काचेकडे. दगडांवर थेट पाणी कुठेच नाही. काचेवर आपटून, फुटून, मऊ होऊन जायचं. मग त्यांनी मऊ प्रवाळाची चार लहान लहान कलमं आणली, माझ्यासारखीच, मुंबईहून.

वर्षभरात ती टाकी अशी काही फुलली की विनीता बघून आली आणि दारातच म्हणाली, "अहो, सगळी एकदम हलतात हो! शेतात वारा आल्यासारखी!" माझ्या टाकीबद्दल ती असं कधी बोलली नव्हती. मी म्हटलं, "नवीन आहे म्हणून. थांब दोन वर्षं." ती म्हणाली, "बरं." त्या "बरं"ने माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो पुढे पाच वर्षं होतच राहिला.

मग प्राध्यापक मुलांना घेऊन आधी त्यांच्याकडे जायला लागले. माझ्याकडे वेळ उरला तर. दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून मला हसण्याचे आवाज यायचे. भाऊ पोरांना पंप साफ करायला शिकवायचे, तोही आमसुलाच्या पाण्यात भिजत घालून. चुन्याचा थर म्हणे आपोआप सुटतो. मी एकदा गुपचूप करून बघितलं. सुटतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बरं, माणसात खोट काढावी तर सापडेना. गर्व नाही, बढाई नाही. वेडेपणा मात्र भरपूर. रोज दुपारी चार वाजता वही काढून टाकीचा लॉग लिहायचे. पाणी किती गरम, एक नंबर चालू, दोन नंबर चालू, खाली सही. घरात दोनच माणसं, टाकी स्वतःची, तरी सही! दोन दिवस गावाला गेले तर वीजघरात पाळी बदलताना देतात तसा वहिनींना "चार्ज" द्यायचे. वहिनींनी "घेतला" असं तोंडाने म्हणून वहीत सही केल्याशिवाय हे चपला घालायचे नाहीत. "लग्नात मंगळसूत्र घालताना एवढं बोलले नव्हते," वहिनी विनीताला म्हणाल्या होत्या.

एका मेमध्ये वादळी वारा सुटला, झाडाची फांदी तारेवर पडली आणि सकाळपासून वीज गेली. माझ्याकडे इन्व्हर्टर. माझा पंप चालू. भाऊंच्या टाकीत पाणी ठप्प. पाणी थांबलं की त्यातली हवा संपते, मासे आधी जातात. सकाळी नऊपासून मला पलीकडून आवाज येत होता. मगाने पाणी उचलायचं आणि वरून सोडायचं. डुबुक, धार, डुबुक, धार. भाऊ दमले की वहिनी, वहिनी दमल्या की भाऊ. मी पेपर वाचत होतो. एक वायर गडग्यावरून टाकली असती तर काम झालं असतं. मला ते सुचलं नव्हतं असं नाही. साडेनवालाच सुचलं होतं.

दोन वाजता विनीता समोर येऊन उभी राहिली. "तुम्ही देणार आहात की मी देऊ?"

मी पेपर खाली केला नाही. तिनेच वायर शोधली, तिनेच टाकली.

दुसऱ्या दिवशी भाऊ फणसाचे गरे घेऊन आले आणि गल्लीतल्या चार माणसांसमोर म्हणाले, "सरांनी लाइन दिली म्हनून वाचलं सगळं." विनीता माझ्याकडे बघत होती. मी गरे खाल्ले. गोड होते, काय करणार!

आणि त्याच सुमाराला छत्रीचं बिनसलं. घेराची एक कड मिटायला लागली. पंपाच्या बाजूची, वाढत वाढत त्याच्या तोंडाशी गेलेली. बोटं बाहेर येईनात, कातडी सुरकुतली. मी पाणी तपासलं, दिवे बदलले, पंपाचा जोर वाढवला. कड आणखी मिटली. भाऊ तेव्हा रोज संध्याकाळी येऊन टाकीसमोर उभे राहायचे. हात मागे, तोंड बंद. दहा मिनिटं बघायचे, "येतो सर" म्हणून जायचे. मला वाटायचं, हा माणूस माझी फजिती बघायला येतोय. तिकीट न काढता.

महिना गेला. छत्री अर्धी उरली. एके दिवशी ते तसेच उभे असताना माझा तोल सुटला.

"दिसतंय ना तुम्हाला हे मरतंय ते? कळतंय ना कशाने? मग बोलत का नाही? मजा बघताय?"

विनीता स्वयंपाकघरातून धावत आली. भाऊ माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता.

"सर, शिफ्ट तुमची हाय," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या शिफ्टमदी मशीनला हात लावत नाय. बोलत पन नाय. बोललं की मानूस गडबडतो, भलतंच बटन दाबतो. तुमी चार्ज दिलाव तर घेतो. मी रोज येत होतो ते त्यासाटीच. म्हटलं, आज देतील."

रोज. महिनाभर. म्हटलं, आज देतील!

आता तो एक शब्द बोलायचा होता. बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवलेला मी, आणि हा आयटीआय झालेला माणूस. विनीता म्हणाली, "अहो, द्या की." शेवटी मी टाकीकडे बघत म्हटलं, "घ्या चार्ज."

"घेतला," भाऊ म्हणाले, आणि घरी जाऊन वही घेऊन आले. नवीन पान. वेळ लिहिली, पाणी किती गरम ते लिहिलं, "प्रवाळ एक, डावी बाजू बंद" असं लिहिलं. माझी सही घेतली, स्वतःची केली. मग त्यांनी पहिल्यांदा माझ्या टाकीत हात घातला. पंपाचं तोंड छत्रीवरून काढून काचेकडे वळवलं. "मोबाइल द्या," म्हणाले, आणि जोर निम्म्यावर आणून तो आलटून पालटून कमी-जास्त होईल असा लावला. जवळ्याची चिमूट टाकली. कण छत्रीपाशी आले, तिथे घुटमळले, मग निघून गेले. झालं. एवढंच.

पाचव्या दिवशी छत्री उघडली. मिटलेली कड होती तिथे बारीक बारीक नवी बोटं, पांढुरकी. विनीता ते बघून रडली. आणि तिने काय केलं? मला हाक मारायच्या आधी गडग्यापाशी जाऊन ओरडली, "भाऊ! भाऊ, या लवकर! उघडली!"

मी आत दाढी करत होतो. मला ते आरशात ऐकू आलं, असंच म्हणावं लागेल, कारण मी स्वतःचं तोंड बघत होतो.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. प्राध्यापकांचा फोन आला, "सर, दुर्गवल्यांनी वाचवलं म्हणे तुमचं!" अकरा वर्षं मी वाढवलं, आणि वाचवलं दुर्गवल्यांनी. भाऊ म्हणत होते, आणखी पंधरा दिवस चार्ज माझ्याकडे राहू दे, नवी कातडी नाजूक असते, मग तुमचं तुम्हाला परत. रोज चार वाजता यायचे, बघायचे, लिहायचे, जायचे.

त्याच आठवड्यात विनीता बहिणीकडे देवरुखला गेली.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिलाही नाही. ती गेली त्या सकाळी मी पंपाचं तोंड परत छत्रीकडे वळवलं आणि मोबाईलवर रेघ वरपर्यंत सरकवली. मारायचं नव्हतं मला. शपथ. मला फक्त ती थोडी मिटायला हवी होती. दोन दिवस. म्हणजे लोकांना कळलं असतं की तोंड वळवल्याने काही होत नाही, उघडायचं ते प्रवाळ आपल्या वेळेने उघडतं. पावणेचारला मी सगळं होतं तसं करून ठेवायचो. चारला भाऊ यायचे, तोंड आणि जोर दोन्ही जागेवर बघायचे, लिहायचे. ते गेले की मी परत वळवायचो.

दुसऱ्या दिवशी छत्री मिटली. भाऊंनी भुवया उंचावल्या. त्या भुवया बघून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! मी आणखी एक दिवस केलं. मग आणखी एक. चौथ्या दिवशी नवी कातडी फाटली आणि त्यातून पांढरं, सडकं सुटायला लागलं. मी घाबरून पंप नीट केला आणि मग हातही लावला नाही. पण सड देठात उतरली होती. विनीता परत आली तेव्हा दगडावर नुसता सडका देठ होता आणि घरात वास.

भाऊंनी स्वतः तो देठ काढून नेला. वहीत लिहिलं, "प्रवाळ गेले. चार्ज दुर्गवले." खाली सही. मला म्हणाले, "सर, माज्या शिफ्टमदी गेलं. अकरा वर्सं तुमी सांभाळलं आनि माज्याकडं पंधरा दिवस नाय टिकलं." गल्लीत कुणी विचारलं की ते आधी स्वतःचं नाव सांगायचे. प्राध्यापकांना त्यांनी मुद्दाम फोन करून सांगितलं. माझ्याकडे लोक हळहळायला यायचे. विनीतासुद्धा एकदा म्हणाली, "तुम्ही म्हणत होतात तेच खरं. त्यांना नव्हतं कळत सगळं." इतकी वर्षं जे ऐकायला मी तडफडत होतो, ते तिने भाजी चिरता चिरता सहज सांगून टाकलं. मी उठून बाहेर गेलो.

भाऊंचा लॉग बंद झाला. मग एक दिवस त्यांनी आपली टाकी कॉलेजला देऊन टाकली, फुललेली, वाऱ्यासारखी हलणारी, टायमरसकट. मी म्हटलं, "अहो, का?" तर म्हणाले, "हात बसलावता, तो गेला. मना आता कळत नाय कुटं काय करावं ते. भीती वाटते."

मंडणगडकडे त्यांचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळला, तेव्हा त्यांनी कायमचं गावी जायचं ठरवलं. टेंपो भरला. वहिनी विनीताच्या गळ्यात पडून रडल्या. भाऊ माझ्याकडे आले, हातात ती वही. पान उघडलेलंच होतं. कडा मळल्या होत्या, किती वेळा उलगडलं असेल कोण जाणे.

"सर, मी पुना पुना बगितलं. पानी गरम बरोबर. खार बरोबर. पंपाचं तोंड बरोबर, जोर बरोबर. रोज चारला बगत होतो. तुमी शिकलेलं मानूस. माजं काय चुकलं, येवडं सांगा."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांना खरंच हवं होतं ते. मला तेव्हाही त्यांचा हेवाच वाटला. चूक नसताना ती आपलीच म्हणून इतकी मनापासून शोधणं मला या जन्मी जमलं नसतं. मी वही हातात घेतली, आकड्यांवरून बोट फिरवलं, विद्यार्थ्याची वही तपासावी तसं. टेंपोवाल्याने हॉर्न दिला.

"काही चुकलं नाही, भाऊ," मी म्हटलं. "पाणीच ते. त्याचा काय भरवसा?"

छत्तीस वर्षं पाण्याच्या भरवशावर नोकरी केलेल्या त्या माणसाने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. "व्हय सर," म्हणाले. "पान्याचा काय भरवसा." वही त्यांनी माझ्याच हातात राहू दिली आणि टेंपोत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले.